गळकी माती

माय, तू असतीस तर हे पत्र तुला कुणालातरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते काम माझ्याकडेच आलं असतं. मग मधल्या काही ओळी मी गुपचूप गाळल्या असत्या. तू जाऊन अठरा वर्षं झाली, आता गाळायचं कारण उरलं नाही. आपल्या गावच्या पांढरीवर, म्हणजे नदीकाठच्या त्या जुन्या वस्तीच्या टेकाडावर, आम्ही दोन हिवाळे उत्खनन केलं. त्याचा अहवाल आता छापायला चाललाय. त्यातली सहा पानं माझी आहेत, आणि त्या सहा पानांत एक शब्द मला आठवडाभर टोचत होता. ‘सुदैवाने’.

उन्हाळा सरत आला की गल्लीतल्या बाया घमेली घेऊन पांढरीवर निघायच्या. पावसाआधी धाब्यावर नवी माती पडली नाही तर ते सपाट छत घरात उतरायचं. तू टिकाव मारतेस, चिमूटभर माती बोटांत चोळतेस, आणि मग सांगतेस, “ही घ्या, ही धरून ऱ्हाती.” मातीच्या बाबतीत तुझा शब्द शेवटचा. सरपंचाची बायकोसुद्धा तुला विचारून घमेलं भरायची. दक्षिणेकडच्या कडेला मात्र तू कुणाला हात लावू द्यायची नाहीस. “तिकडची नगं गं. ती गळकी हाय. नुसती राख आन् खडे. पयल्याच पाण्यात धाब्याची चाळणी व्हईल.” मी त्याच कडेला मणी वेचत बसायचे. एकदा तू माझ्या हातातला एक तांबूस मणी उन्हात धरून पाहिलास. “भोक पाडता पाडता फुटला बघ. कुणीतरी हितं बसून काम करायचं. बिघडलेलं हितंच टाकलं, चांगलं बाजाराला नेलं.” तुला काय माहीत, असं म्हणून मी हसले. तू म्हणालीस, “कामाची जागा लपत न्हाई. लोहाराच्या दारात जाऊन बघ, कसा पसारा असतो.”

पुढे मी शहरात पुरातत्त्व शिकायला गेले. वडिलांची शेती आहे, एवढं मी तिथं सर्वांना सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. तू दुसऱ्यांची धाबी सारवायला जातेस, हे सांगितलं नव्हतं. मग पाहणीसाठी आमची जीप पांढरीवर आली. तू भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन समोरून येतेस, पदर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. आम्हाला शिकवणारे सर कपाळाला हात लावून म्हणाले, “पाहा, या लोकांनी दोन हजार वर्षांचा इतिहास खणून घरावर टाकला.” मी त्यांच्या पुढे झाले. “बाई,” मी म्हणाले, “इथली माती काढू नका. तुम्हाला कळत कसं नाही?” तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही पाहिलंस. घमेलं उतरवलंस, माती होती तिथं ओतलीस आणि म्हणालीस, “चुकलं, म्याडम.” सर मला म्हणाले, छान समजावलंत. मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

दोन दिवसांनी मी मानवतच्या बसनं घरी आले. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. मी सबबी सांगायला लागले, सर होते, सगळे होते. तुझा हात थांबला नाही. “माती काढू नगं म्हन, खुशाल म्हन. तुझं कामच हाय ते. पण बाई म्हनू नगं. मला बाई म्हनायला गावात लय लोकं हायत.” मग तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकलीस आणि ठेचा वाढलास. त्या वर्षी तू पांढरीवर गेली नाहीस. आषाढात चुलीवर पाणी गळलं, तू चूल उचलून दाराशी मांडलीस आणि मला निरोपही धाडला नाहीस. हे मला वडिलांकडून कळलं, तू गेल्यावर.

उत्खननात टेकाडाचा माथा पोकळ निघाला, दीडदोन हात माती उपसलेली. शाबूत होती ती फक्त तुझी गळकी कड. तिथं भट्टी निघाली, राखेचे थर, लोखंडाचा मळ, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि अर्धवट भोकांचे पसापसा मणी. रोमच्या राजाच्या नाण्यावरून उठवलेलं मातीचं एक पदकही निघालं, गळ्यात घालायला भोक पाडलेलं. सगळे त्यावर तुटून पडले. समुद्रापलीकडच्या राजाचा चेहरा आपल्या गावातल्या कुणीतरी हौसेनं मिरवला होता, कौतुक वाटणारच. मी मात्र मण्यांवर लिहिलं. ‘बिघडलेला माल कारागिरांनी जागेवरच टाकला, चांगला बाजारात नेला.’ त्या वाक्याला शाबासकी मिळाली. आणि त्याच्याच खाली मी लिहिलं होतं, ‘टेकाडाची दक्षिण कड सुदैवाने वाचली.’

काल दुपारी शेवटचं प्रूफ आलं, तेव्हा मी तो शब्द खोडला. त्या जागी लिहिलं की, ही माती छताला चालत नाही हे गावातल्या एका महिलेनं ओळखलं होतं, म्हणून बायांनी ही कड उपसली नाही, आणि ही कामाची जागा आहे हेही प्रथम तिनंच सांगितलं. लिहून झाल्यावर हलकं वाटलं. आज सकाळी सरांचा फोन आला. आता ते थकलेत, पण अहवाल तेच तपासतात. म्हणाले, “ही दुरुस्ती फार महत्त्वाची आहे. कोण ही बाई? तळटीपेत तिचं नाव द्यायला हवं.”

मी म्हणाले, ती आता हयात नाही.

“नाव तरी?”

माय, मी म्हणाले, नाव मिळालं नाही, सर. ते म्हणाले, मग राहू द्या. आणि मी राहू दिलं.