चौदाशे नव्याण्णवचा डिजिटल

शनिवार, २० नोव्हेंबर २००४
अखेर डिजिटल झालो. कर्वे रोडवरच्या मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनात कॅमेरा मिळाला. फक्त चौदाशे नव्याण्णव. वायर, सीडी, पाऊच फुकट. तोच कॅमेरा, तोच वेबकॅम, तोच व्हिडिओ. बाजारात पंधरा हजारांना असतो. म्हणजे लोक साडेतेरा हजार निव्वळ नावाचे मोजतात. मोजोत.
ऋतिका (आमची कन्या, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष) म्हणाली, बाबा, याला स्क्रीनच नाही, हा टॉय आहे. म्हटलं, स्क्रीन बघायला घरात टीव्ही आहे.

रविवार, २१ नोव्हेंबर
धायरीला सासरी. ५ डिसेंबरला सासूबाईंना ऐंशी पूर्ण. त्यांचे दोन मुलगे, संभाजीराव आणि हिंमतराव, शेताच्या वाटणीवरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. एका आवारात दोन बंगले, मध्ये भिंत. सासूबाईंचं मागणं एकच: दोघांना दोन बाजूंना घेऊन एक फोटो. दोघे कबूल झाले आहेत, फक्त फोटोपुरते. बोलणार नाहीत.
संभाजीराव म्हणाले, कचरूला सांगितलंय, फोटोवाला, गावातलाच हाय. मी तिथल्या तिथे कचरू कॅन्सल केला. रोलचा जमाना गेला. मेहुण्यांचे चेहरे पडले, पण जावयाला नाही कोण म्हणणार? भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकमत असलेली ही एकमेव गोष्ट. दाजींचा शब्द मोडायचा नाही.
येताना स्कूटरवर राधा (आमची सौ.) एक शब्द बोलली नाही. मूक संमती.

मंगळवार, २३ नोव्हेंबर
ट्रायल. बाल्कनीतून दहा फोटो काढले. काम झाल्यावर सेल काढून डबीत ठेवले. वस्तू वापरून झाली की सेल काढायचे, नाहीतर झिजतात, गळतात. वडिलांनी टॉर्चला लावलेली शिस्त. आमच्या घरात एक टॉर्च बावीस वर्षं टिकली.

बुधवार, २४ नोव्हेंबर
कॅमेरा कॉम्प्युटरला लावला. फोटो शून्य. निदान: व्हायरस. ऋतिका रात्रंदिवस चॅटिंग करते, दुसरं काय होणार? तिला सुनावलं. ती म्हणाली, बाबा, मॅन्युअल वाचा. पुस्तिका सोळा पानी आणि तिचं इंग्रजी चीनमध्येच शिकलेलं. ज्यांना यंत्रातलं काही कळत नाही, त्यांच्यासाठी असतात पुस्तिका.

गुरुवार, २५ नोव्हेंबर
विजय! फोटो काढले, लगेच वायर जोडली, आले! म्हणजे काल व्हायरसच होता. ऋतिकाची माफी मागायचा प्रश्नच उद्भवत नाही.
दर्जा उत्तम. तुळस हिरवट दिसते, हे महत्त्वाचं. राधा ओळखू येत नाही, पण साडी येते. ती म्हणाली, अहो, कचरूलाही बोलवू या ना, असू दे जोडीला. म्हटलं, जोडीला म्हणजे अविश्वास.

शुक्रवार, ३ डिसेंबर
वर्तमानपत्राला पत्र लिहायला घेतलं. विषय: स्वस्त डिजिटल कॅमेरा घ्यावा का? उत्तर: डोळे मिटून. पुढचं सोहळ्यानंतर लिहीन, पुराव्यानिशी. ऑफिसात सांगून ठेवलं आहे. ज्ञानदेव शिपाई म्हणाला, साहेब, आमचा पण एक काढा. म्हटलं, आधी सासर.

रविवार, ५ डिसेंबर, रात्री ९
दमलो. पण काय सोहळा! ऐंशी दिव्यांनी ओवाळलं. सासूबाई हिरव्या नऊवारीत.
कॅमेऱ्याला फ्लॅश नाही, त्यामुळे तिघांना उन्हात उभं केलं. चाळीस मिनिटं. मेहुणे आधी हातभर लांब उभे. मी म्हटलं, जवळ या. आले. आईच्या खांद्यावर हात ठेवा. ठेवले. जावयाचा हुकूम! सासूबाईंनी दोघांचे हात आपल्या हातात घेतले आणि सोडेनात. हिंमतराव डोळे पुसत होते. ऊन होतं म्हणा. ऊन माझ्याही डोळ्यांत गेलं, पण कलाकाराला हात हलवून चालत नाही. सव्वीस फोटो. कॅमेऱ्यात तेवढेच मावतात.
निघताना सासूबाईंनी विचारलं, आलं का हो समदं? म्हटलं, कचरूला जन्मात जमलं नसतं.
घरी येऊन आधी सेल काढून ठेवले. उद्या निवांत बघू.

सोमवार, ६ डिसेंबर
शून्य.

सोमवार, ६ डिसेंबर, सायं. ७
ऋतिकाने पुस्तिका वाचली. पान चार. फोटो सेलच्या जोरावर टिकतात. सेल काढले की सगळे जातात. कायमचे. तिने मोठ्याने वाचलं, दोनदा. दुसऱ्यांदा वाचायची काय गरज होती?
वस्तू वाईट नाही. ती बनवणाऱ्यांना शिस्तीची माणसं ठाऊक नाहीत, एवढंच.

मंगळवार, ७ डिसेंबर
संभाजीरावांचा फोन. म्हटलं, प्रोसेसिंग चालू आहे. डिजिटलमध्ये प्रोसेसिंग असतं.

गुरुवार, ९ डिसेंबर
हिंमतरावांचा फोन. आई रोज इचारतीय. परत उभे राहाल का, असं सहज विचारून पाहिलं. म्हणाले, दाजी, एकदा उभा ऱ्हायलो आईपायी. परत न्हाई.
म्हटलं, प्रोसेसिंग चालू आहे.
राधा माझ्याशी बोलत नाही. आता घरात भिंत बांधायची तेवढी राहिली आहे.

शनिवार, ११ डिसेंबर
ठराव: उद्या धायरीला जाऊन दोष व्हायरसवर ढकलणे. भाषण पाठ केलं.

रविवार, १२ डिसेंबर
भाषण झालं नाही. सासूबाई दारातच नवी काचेची फ्रेम घेऊन बसल्या होत्या. रिकामी. मी सरळ सांगून टाकलं: सेल काढले, फोटो गेले, माझी चूक. आवारात दोन्ही मेहुणे आपापल्या दारात उभे राहून ऐकत होते.
सासूबाईंनी फ्रेम मांडीवर पालथी ठेवली. मग म्हणाल्या, असू द्या जावईबापू, म्या डोळ्यांनी बघितलं की. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला फार लाज वाटली. हे लिहिणार नव्हतो.
तेवढ्यात संभाजीराव भिंतीकडे बघून म्हणाले, आबा (आमचे सासरे) सांगत हुते, ह्यो जावई नगं. भिंतीपलीकडून हिंमतराव म्हणाले, तूच म्हनला हुतास, पुन्यातला हाय, शिकलेला हाय, उपेगी पडंल. संभाजीराव म्हणाले, म्या कुठं म्हनलो, तूच गेला हुतास की बघायला. अकरा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं, आणि विषय मी.
पाच मिनिटं ते माझे गुण आठवत राहिले. लग्नात घोड्यावरून पडलो, ते. बोअरवेलची जागा मी दाखवली आणि पाणी लागलं नाही, ते. मध्येच हिंमतराव भिंतीला वळसा घालून अलीकडे आले. कुणी बोलावलं नव्हतं. सासूबाई पदर तोंडाला लावून बघत राहिल्या.
मग हिंमतराव मोटारसायकलवरून कचरूला घेऊन आले. मायलेक तिघे पायरीवर बसले. मी सूचना द्यायला पुढे झालो, तर कचरू म्हणाला, दाजी, तुम्ही तिकडं लांब हुबं ऱ्हावा. राहिलो. त्यांची नजर माझ्यावर गेली, तिघांना एकदम हसू फुटलं आणि त्याने बटण दाबलं.

रविवार, १९ डिसेंबर
फोटो आला. निर्विवाद उत्तम. संभाजीरावांचा हात हिंमतरावांच्या पाठीवर, मध्ये सासूबाई, बोळकं उघडं. अशा हसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही.
राधाने एक प्रत आमच्याही हॉलमध्ये लावली आहे. आलेला प्रत्येक जण विचारतो, एवढं कशाला हसताहेत?
ती सांगते. चहा ठेवून, पहिल्यापासून सांगते.