एकाहत्तरच्या जागी सतरा

ती. मामा यांस,

भाच्याचा वाकून, आणि या वेळी नेहमीपेक्षा चार बोटं अधिक वाकून, नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? मामींचं कानातलं यंत्र नीट चालतंय ना? (नसेल तर उघडू नका, मी आल्यावर बघतो. यंत्रांच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही, हे तुम्ही जाणताच.) आईने फोनवर 'त्याचं काहीतरी बिनसलंय' असं सांगितलं असेल, तर त्यात तथ्य नाही. घडलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे तिखटमीठ लागून पोचायला नको.

आमच्या बेकरी कंपनीच्या ठिकठिकाणी मिळून सत्तर भट्ट्या होत्या. आमच्या आवारात मागच्या बाजूला नवी सुरू झाली, तिचा नंबर एकाहत्तर. प्रत्येक भट्टीचा नंबर तिथल्या संगणकांच्या आणि प्रिंटरच्या पत्त्यातही असतो. सकाळी मुख्य कचेरी ऑर्डर पाठवते, ती भट्टीतल्या प्रिंटरवर छापून येते आणि मगच पीठ मळायला घेतात. आता आमच्या दाराशी फायरवॉल नावाचं यंत्र आहे, आतबाहेर जाणारं सगळं त्याच्या हातून जातं. त्याला नवी भट्टी ठाऊक नव्हती. तेव्हा कामं दोन. एक, त्याच्यात कायमचा रस्ता लिहायचा, की एकाहत्तरचं काही आलं तर अंगणापलीकडच्या यंत्राकडे दे. याला स्टॅटिक रूट म्हणतात. दुसरं, 'एकाहत्तरकडे जायचं असेल तर आमच्याकडून या' अशी कचेरीपर्यंत दवंडी पिटायची. नुसता रस्ता लिहून गप्प बसलं, तर कचेरीला पत्ताच लागत नाही. दोन्ही कामं मी बावीस मिनिटांत उरकली. (साहेब म्हणाले होते, आकडे दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दे. बारा वर्षं हेच करणाऱ्या माणसाला हे सांगावं?)

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला प्रिंटर पहिल्याच फटक्यात खडखडला. तीनशे चाळीस पाव, नऊ डझन बिस्किटं, आणि एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या निवृत्तीसाठी तीन मजली केक, दुपारी एकला हवा. भट्टीमास्तरांनी माझ्या पाठीवर पिठाचा पंजा उमटवला. मी तो दिवसभर झटकला नाही.

नऊ वाजता सतरा नंबरच्या भट्टीप्रमुख बाईंचा फोन आला, की आमचा प्रिंटर सकाळपासून मुका आहे. मी धीर देत म्हटलं, बंद करून चालू करा. साडेनऊला पुन्हा फोन, पुन्हा तोच सल्ला. दहाला मी त्यांना प्रिंटर बदलायला सांगितलं. (आवाजात इतका ठामपणा होता, की माझाही विश्वास बसला.) अकराला फोन आला नाही. पावणेबाराला बाईच आल्या, स्वतः व्हॅन चालवत.

आमच्या भट्टीत येऊन त्यांनी टेबलावरचा केक पाहिला. केकच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाईक शाळेचं नाव होतं. मग ऑर्डरचा कागद उचलला. त्यावर ठळक अक्षरांत 'भट्टी सतरा' छापलेलं होतं.

"हे कुणी वाचलं नाही?" त्यांनी विचारलं.

"वरचं कोण वाचतंय, बाई? मी खालचे आकडे बघतो," भट्टीमास्तर म्हणाले.

त्या माझ्या खोलीत आल्या, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "इथे सतरा आहे. तुमचा नंबर एकाहत्तर ना?"

मामा, एक आणि सात हे आकडे शेजारी ठेवायलाच नको होते. रस्त्यात सतरा, दवंडीत सतरा, नव्या प्रिंटरच्या पत्त्यातही सतरा; चुकलो, पण सगळीकडे एकसारखा! सतराची खरी दवंडी लांबून येत होती, माझी जवळून, म्हणून कचेरीने माझं ऐकलं. मी आधी दवंडी बंद केली. पाचच मिनिटांत बाईंना त्यांच्या भट्टीतून फोन आला, की प्रिंटर बोलायला लागला. मग रस्ता आणि पत्ते दुरुस्त करून एकाहत्तरची दवंडी नव्याने दिली. या वेळी आकडे त्या मोठ्याने वाचत होत्या आणि मी टाइप करत होतो.

केक व्हॅनमध्ये सरकू नये म्हणून मागे बसून तो धरायला माणूस हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्धा तास मी त्या तीन मजल्यांना कवटाळून होतो. प्रत्येक वळणाला त्या पुढून "धरलात ना?" विचारत आणि मी "धरलाय" म्हणे. एकला दहा मिनिटं कमी असताना शाळेत पोचलो. मुख्याध्यापिकाबाई केक बघून रडल्या. साहेबांनी मला दोन तास समज दिली, पण नोकरी शाबूत आहे. काळजी नसावी. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. सतरा नंबरच्या बाई अविवाहित आहेत. वय माझ्याहून दोन वर्षांनी जास्त, त्यामुळे आई आधी नाही म्हणेल. तुमचा शब्द ती मोडत नाही. तेवढं तिच्या कानावर घाला. हे पत्र त्यासाठीच लिहिलं आहे.

ता.क. २. बाईंना मी अजून काही विचारलेलं नाही. तेही तुम्हीच विचारलंत तर बरं. मी पत्ता देतो. तो मात्र एकदा कुणाकडून तरी तपासून घ्या.