अकरा वाजून दहा मिनिटे, आरशात पाहून

मी, या दुकानाची मालकीण आणि दोन मुलांची आई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. उलट लिहू नकोस म्हणणारा एक जण घरचाच आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. हा दुसरा दाखला. पहिल्याची हकीकत कलम तीनमध्ये येईल.

१. दुकान, म्हणजे केस कापायच्या खुर्च्या, भिंतभर आरसा आणि बांधलेले गिऱ्हाईक, सर्व धाकट्या मुलीला. नवरा गेल्यावर मी वस्तरा हातात घेतला तेव्हा गल्लीतले पुरुष बाईकडून दाढी करून घ्यायला बिचकत. आधी बेकरीवाला बसला, मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्या हाती आल्या. मुलीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तोंड मात्र तिने जरा आवरावे.

२. कात्र्याही तिच्याच. फक्त लांब पात्याची कात्री समोरच्या शिंप्याला चुकूनही देऊ नये. एकदा नेली आणि पठ्ठ्याने त्या कात्रीने पुठ्ठा कापला.

३. राहत्या दोन खोल्या दोघांना निम्म्या निम्म्या. मोठ्याचे म्हणणे, आईला आता व्यवहार कळत नाही, दुकान विकावे आणि आईने माझ्याकडे यावे. त्याला लोभ नाही, धास्ती आहे, हे मी इथे लिहून ठेवते. त्यानेच मला मोठ्या दवाखान्यात नेले. रक्त तपासायचे म्हणून उपाशीपोटी, आणि घाईत चष्मा घरी. डॉक्टर मास्कआडून भराभरा बोलत होते. मला डाव्या कानाने कमी ऐकू येते, हे विचारायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी अकरा वाजून दहा मिनिटांचे घड्याळ काढायला सांगितले. मी काढले. बाराच्या डावीकडे एक, मग दोन, असे. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि बुद्धी शाबूत नाही असा दाखला लिहिला. मुलगा हळूच म्हणाला, "आई, घड्याळसुद्धा विसरलीस गं?"

मी काही विसरले नव्हते. दुकानात खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर आमचे घड्याळ आहे. गिऱ्हाइकाला मान न वळवता आरशात वेळ दिसावी म्हणून नवऱ्याने त्याची तबकडी उलटी रंगवून घेतली आणि काटेही उलटे फिरतील असे करून घेतले. रोज सकाळी स्टुलावर चढून त्याला किल्ली मी देते. घड्याळ काढा म्हटल्यावर हाताला तेच आले. त्याच्याच आरशातल्या रूपावरून मुलगा वेळ सांगायला शिकला होता, आणि कागदावर समोर आले तर त्याने ओळखले नाही. मला त्या दिवशी रडू आले ते डॉक्टरांमुळे नव्हे.

मग मुलीने दुसरीकडे नेले. डॉक्टरीणबाई माझ्या उजव्या कानाशी बसल्या. नाश्ता झाला का, शाळा किती झाली, काम काय केले, हे आधी विचारले. घड्याळ काढा म्हणाल्या तेव्हा मी विचारले, "आमचं काढू की लोकांचं?"

त्या म्हणाल्या, "दोन्ही काढा."

लक्षात ठेवायला पाच शब्द दिले होते, त्यातले तीनच आठवले. उरलेले दोन कोणाला सापडल्यास त्याने खुशाल ठेवून घ्यावेत. विसराळूपणा थोडा आला आहे, पण स्वतःचे निर्णय घेण्यास पूर्ण समर्थ, असे बाईंनी लिहून दिले. इतके मलाही मान्य आहे.

४. घड्याळ मोठ्या मुलाला. त्याने ते घरी न्यावे, समोर आरसा लावावा आणि माझ्या नातीला त्यात वेळ पाहायला शिकवावे. पुढे त्याचे वय झाल्यावर त्यालाही कोणी घड्याळ काढायला सांगेल. तेव्हा हातून ते उलटे निघाले, तर शेजारी बसलेल्या पोरीला ते आपल्या घरचे आहे हे ओळखता यावे.

सही: दुकानाची मालकीण

आमच्यासमोर सही केली:
१. डॉक्टरीणबाई
२. बेकरीवाला (मिशी मीच राखलेली)

स्थळ: दुकान, मधली खुर्ची
दिनांक: ९ मार्च, सोमवार, दुकानाची सुट्टी
वेळ: अकरा वाजून दहा मिनिटे. दोन्ही साक्षीदारांनी आरशात पाहून खात्री केली आहे.