गाणं लागल्याची तारीख

गुरुग्राम,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय समताताईस,
सप्रेम जयभीम.

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पत्रिकेचं कच्चं प्रूफ तू व्हॉट्सॲपवर पाठवलंस, त्याला आठ दिवस झाले. मी नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवून गप्प बसलो, म्हणून तू चिडली असशील. चिडच. दोनदा फोन लावला, पण तू 'बोल रे' म्हणालीस की मी थंडीबद्दल बोलायला लागतो. म्हणून हे पत्र, तेही स्पीड पोस्टाने. फॅमिली ग्रुपवर पडायला नको.

थंडी आहेच म्हणा. धुरकट हवेत समोरचा टॉवर सकाळी अकरा वाजेपर्यंत दिसत नाही. स्वयंपाकाला येणाऱ्या बाई प्रत्येक भाजीत बटाटा घालतात आणि मी मुकाट खातो. आईचे गुडघे कसे आहेत? वाशीमला गारठा असेल, तिला पहाटे अंगणात जाऊ देऊ नकोस.

पत्रिका छान झालीय. फोटो जयंतीच्या स्टेजवरचा घेतलास ते बरं केलंस, हॉस्पिटलनंतरचा एकही घेण्यासारखा नव्हता. खाली तू जागा मोकळी सोडलीयस: 'ज्यांचं गीत दिनांक ....... रोजी दिल्लीच्या रेडिओवरून प्रसारित झालं ते गायक दादाराव.' आणि मला म्हणालीस, तारीख तेवढी सांग.

त्याआधी आमचं काम कसं चालतं ते सांगतो. टाळतोय असं वाटेल. टाळतोच आहे.

रेडिओ स्टेशनवर आता गाणी माणसं निवडत नाहीत, सॉफ्टवेअर निवडतं. प्रत्येक गाण्याचं त्यात एक कार्ड असतं: भाषा कोणती, चाल संथ की जलद, मूड कसला, कोणत्या वेळी चालेल. एकच गायक तासात दोनदा नको, दोन रडकी गाणी लागोपाठ नकोत, असे नियम. त्यावरून ते रोजची यादी काढतं. ही कार्डं भरणारा मी. रविवारी सकाळी सात ते आठ, इथे पोटापाण्यासाठी आलेल्या लोकांसाठी सगळ्या प्रांतांची गाणी असतात. बाबांचं गाणं त्यात लागायचं होतं.

ऑपरेशनआधी, २ ऑक्टोबरच्या सुट्टीला ऑफिस रिकामं असताना मी त्यांना स्टुडिओत नेलं होतं, हे तुला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात आवाज कायमचा जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चाळीस वर्षं जयंत्या गाजवलेल्या माणसाचं एवढंच मागणं होतं की आपलं गाणं एकदा रेडिओवर लागावं. मध्ये दोनदा पाणी प्यायला थांबले, ते मी नंतर कापलं. बाकी एक सूर हलला नाही.

मग ते इथे माझ्या घरी आले. गळ्याला भोक, हातात पाटी. दर रविवारी पावणेसातला बिनदुधाचा चहा पुढ्यात घेऊन रेडिओजवळ बसायचे. आठ वाजले की माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "बाबा, कोणतं गाणं कधी ते कॉम्प्युटर ठरवतो. माझ्या हातात नसतं ते." ते पाटीवर लिहायचे, 'लागेल नंबर.' जन्मभर कुठल्या ना कुठल्या रांगेत उभा राहिलेला माणूस. त्यांनी कॉम्प्युटरवरही विश्वास ठेवला. पंधरा रविवार ठेवला.

४ फेब्रुवारीच्या रविवारी ते पुन्हा हॉस्पिटलात होते. सोमवारी मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "बाबा, काल लागलं तुमचं गाणं." त्यांनी पाटी मागितली. लिहिलं, 'नाव घेतलं?'

मी म्हणालो, "हो. पूर्ण नाव घेतलं."

त्यांनी पाटी छातीवर ठेवली आणि डोळे मिटले. त्या संध्याकाळी मी तुलाही फोनवर तेच सांगितलं, तू रडलीस. शुक्रवारी बाबा गेले.

ताई, गाणं लागलं नव्हतं. त्या रविवारी नाही, त्याच्या आधीच्या कोणत्याही रविवारी नाही.

आणि ते कॉम्प्युटरने ठरवलं नव्हतं. कार्डावर एक खूण करता येते, होल्ड म्हणून. ती केली की गाणं यादीत येतच नाही, कितीही वर्षं गेली तरी. बाबांच्या कार्डावर ती खूण मी केली. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारच्या डब्यानंतर.

इथे मला सगळे डीपी म्हणतात. महाराष्ट्रातला आहे म्हटलं की लोक म्हणतात, "अच्छा, मराठा हो!" मी दुरुस्त करत नाही. नऊ वर्षांत एकदाही केलं नाही. त्या दिवशी डबा खाताना आमचे हेड सुजय सर नव्या आलेल्या एका मुलीबद्दल म्हणाले, "कोटे से पढ़ी होगी, यार." सगळे हसले. मीही हसलो. बाबांच्या गाण्यात पहिल्याच ओळीत बाबासाहेबांचं नाव. त्यावर निवेदकाने गायकाचं नाव-आडनाव घेतलं असतं, कुणीतरी म्हणालं असतं, "डीपी, तेरा भी तो यही सरनेम है." मी जागेवर जाऊन खूण केली. दोन आठवड्यांनी काढू, असं मनाशी म्हटलं.

मला बाबांची लाज वाटली. एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

तुझं प्रूफ पाहिल्यापासून झोप लागेना. शेवटी परवा, शुक्रवारी, मी होल्ड काढला आणि सॉफ्टवेअरवर न सोडता गाणं स्वतः आजच्या यादीत घातलं. रविवारचं निवेदन यतीन करतो, शुक्रवारीच रेकॉर्ड करून ठेवतो. मनाने चांगला आहे. गाणं पूर्ण ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाला, "क्या आवाज़ है! इतने दिन कहाँ छुपा के रखा था? कौन हैं ये, तेरे कोई?"

काय सांगायचं ते मी मेट्रोत घोकून गेलो होतो. एकच शब्द तर होता.

मी म्हणालो, "नहीं यार, हमारी तरफ़ के कोई बुज़ुर्ग थे."

आज सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी गाणं लागलं. मी रेडिओसमोर बसून ऐकलं. यतीनने बाबांचं पूर्ण नाव घेतलं, आणि पुढे मी सांगितलं होतं तेच म्हणाला. पत्रिकेत तारीख घालायचीच असेल तर आजची घाल. ती तरी खरी आहे.

बाबा असताना घाबरलो होतो, असं म्हणून मी वर्षभर स्वतःची समजूत काढली. परवा कशाला घाबरलो, ते मलाच सांगता येत नाही.

नऊ फेब्रुवारीला यावं असं फार वाटतं. पण आधी हे पत्र आईला वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. मी यावं की येऊ नये, ते मग तिलाच ठरवू दे. ती म्हणेल ते मला मान्य आहे.

दादारावांचा मुलगा,
धम्मपाल