तांब्याभर गार पाणी

सातारा, गुरुवार

प्रिय चिंतामण,

परवा फोनवर तू सहज म्हणालास, पुतण्या गुऱ्हाळाच्या छपरावर सोलर बसवतोय, तेव्हा आपलं स्टर्लिंग इंजिन सोमवारी भंगारात देऊन टाकतो. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि गॅसवरची भाजी करपवली. जन्मभर पाटणला फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या बाईला एवढं भान राहू नये, कमाल आहे! फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

सांगलीच्या कॉलेजात तू ते इंजिन जुळवलंस, तेव्हा काय काय बोलायचास रे! पेट्रोल नको, धूर ओकणं नको. बाहेरून ताप दिला की आतली हवा फुगते, दुसऱ्या टोकाला गार होऊन आक्रसते आणि त्यावर चाक फिरतं. एकाच चुलीवर भात शिजेल आणि तिच्यावरच घरातला दिवाही लागेल, असं तू माझ्या आईलाही पटवलं होतंस. मग ते लूनावर चढवलंस. निघण्याआधी निखाऱ्यांवर तापवायचं, तोवर माझा चहा पिऊन व्हायचा. थोडं गेलं की गार टोकही तापायचं आणि सगळं ठप्प. त्यावर तुझा उपाय म्हणजे मी! मागे उलटं तोंड करून बसायचं आणि तांब्यानं पाणी ओतत राहायचं. कृष्णेच्या घाटावरची माणसं धुणं सोडून बघायची. हळदीच्या पेठेत म्हैस आडवी आली, तू ब्रेक दाबलास, इंजिन बंद पडलं, आणि तिथून घरापर्यंत आपण लूना ढकलली. इतकी मी नंतर कधी हसलेच नाही.

पुढे बाबा गेले, घर माझ्यावर आलं, मी पाटणला नोकरी धरली. गाडीचं वेड सोडून तू इंजिन घरच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणाला जोडलंस. तिथं जाळ हंगामभर असतोच. दर हंगामात मी एकदा यायचे. उसाच्या चिपाडांचा जाळ, काहिलीत रटरटणारा रस, वर इंजिनावर लागलेला तो पिवळा दिवा, आणि मी आपली पाणी ओततेय. तू लग्न केलं नाहीस. विचारलं की गुऱ्हाळाकडे बोट दाखवायचास. मीही जास्त विचारलं नाही, कारण मग तू मला विचारलं असतंस.

गेल्या वर्षी तू काकवीची बाटली आणायला आत गेलास, तेव्हा हरिबा गुळव्या मला हळूच म्हणाला, "ताई, तुमी येनार म्हटलं की मालक इंजान पुसत्यात. एरवी त्याला कुनी हातबी लावत न्हाई."

चिंतामण, विहिरीवरची पाण्याची टाकी चुलवाणापासून हाकेवर आहे. एक नळी टाकली असती तर पाणी आपोआप फिरलं असतं आणि तो दिवा रोज लागला असता. कॉलेजात पहिला आलेल्या माणसाला इतकी वर्षं नळी सुचली नाही? आणि मीही कधी नळीचं नाव काढलं नाही. दिवा रोज लागला असता, तर मला यायला निमित्त काय उरलं असतं? आता मला निमित्त नको आहे. मला तुझ्याजवळ राहायचंय. सोलर खुशाल बसू दे, भंगारवाल्याला मात्र नाही म्हणून सांग. रविवारी सकाळच्या एसटीनं येतेय, मोठी बॅग घेऊन. जाळ घालून ठेव. तांब्या मी आणते.

तुझीच,
ज्ञानदा