सभासद क्रमांक ११२ चा अभिप्राय

७ नोव्हेंबर २००६
गोंदियाहून पुस्तकं बांधून आली. 'दूरयान'चा पाचवा भागही आहे. टीव्हीवरची ती मालिका मधेच बंद पडली, तेव्हापासून लेखक पुढची गोष्ट पुस्तकांतून ओढून राहिला, आणि आमच्या गोरेगावच्या वाचनालयात लोक तुटून पडतात. धानाच्या तालुक्यात एवढे ग्रह-ताऱ्यांचे शौकीन! चौथा भाग मात्र नाही. तो प्रमोद घेऊन गेला, दोन वर्षं झाली. पुस्तकही नाही, भाऊही नाही.
शिक्के उद्या. पाचवा कपाटात, कुलूप लावून.

८ नोव्हें.
मागच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायची इथली जुनी खोड. नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. तिसऱ्या भागाचं पान पाहून आजही हसू आलं. "मालिकेतला कॅप्टन कमी बोलायचा. पुस्तकातला भाषणं ठोकतो. — ४१." "यानात चार वर्षं पाणी कुठून येते? लेखकानं आधी शेतकऱ्याले विचारावं. — ८७." त्याखाली हिरव्या शाईत, "८७ साठी: गोष्ट वाचा, नहराचं पाणी मोजू नका. — ११२."
११२ म्हणजे आमचा प्रमोद.
मग शिक्का मारायला पाचवा काढला. मागचं पान कोरं नाही.
"कॅप्टनला मारायला नको होतं. पुढच्या भागात तो परत येतो, पण बहीण दार उघडत नाही. हे पटलं नाही. — ११२."
हिरवी शाई. 'ह'ची शेपटी तश्शीच लांब. पुस्तक अजून कोणाला दिलंच नाही. किल्ली माझ्या कमरेला.

९ नोव्हें.
गोंदियाला जाऊन बाइंडरशी भांडले. "मॅडम, हमने तो कोरा कागज लगाया है." गठ्ठा दाखवला. खरंच कोरा. येताना एसटीत पाचवा वाचून काढला. कॅप्टन अगदी शेवटच्या पानावर मरतो. सहावा भाग अजून निघालेलाच नाही.
घरी मायचा रोजचा प्रश्न, "वाचनालयात कोणी आला होता का वं?" नाही म्हटलं.
तिला हे माहीत नाही की प्रमोद गेला त्या दिवशी मी त्याला काय बोलले. कामधंदा नाही, दिवसभर पुस्तकात तोंड. म्हटलं, "त्या यानातच जाऊन राहा, या घरात नको." त्याच्या हातात चौथा भाग होता. चप्पल घालून निघाला. माझी जीभच मेली कडू.

१३ नोव्हें.
४१ म्हणजे बोरकर सर, निवृत्त हेडमास्तर. त्यांना पान दाखवलं. खूप वेळ पाहिलं. "अक्षर प्रमोदचंच. पण बाई, नक्कल करणारेही असतात." ८७ ला गाठलं. तो उखडलाच. "माझ्या धानाची शपथ बाई! मेल्या-गेल्याची मस्करी मी कायले करू?"
मेला कोण म्हणतो त्याला?
संतापात पाटी लावली: पुस्तकांत अभिप्राय लिहिण्यास सक्त मनाई. सरांनी ११२ ची ओळ उतरवून लेखकाला पत्र टाकलं, सहाव्यात काय आहे म्हणून.

२ डिसेंबर
आजच लिहून ठेवते.
संध्याकाळी साडेसहा. लोडशेडिंग. दार लावून मेणबत्तीत रजिस्टर भरत होते. कडी वाजली.
"कोण?"
"११२."
आवाज बसलेला.
"चौथा भाग परत करायचा होता."
डोकं असं सणकलं! इतके दिवस थट्टा चालली, आता दारापर्यंत आले. ओरडले, "लाज नाही वाटत? चालते व्हा!" वरचा अडसरही घातला.
पायरीवर वाळकी पानं पडलेली असतात, मांजर चाललं तरी वाजतात. वाजली नाहीत. दूर कुठेतरी मळणीयंत्र चालू होतं, तेवढंच.
पानावरचं दाराचं वाक्य आठवलं तेव्हा मी अडसराला हात लावून उभी होते. काढला. बाहेर कोणी नाही.

३ डिसें.
सकाळी दार उघडलं, तर पायरीवर चौथा भाग. मीच घातलेलं कॅलेंडरचं कव्हर, जसंच्या तसं. मागे हिरव्या शाईत: "छान आहे. परत करायला उशीर झाला, ताई. — ११२."
स्टँडवर विचारलं, चहावाल्याला विचारलं. कोणी पाहिला नाही.
मायला सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचं बोलणंही. रडली नाही.
"आवाज कसा होता?"
"बसलेला."
"मंग जेवला नसन." चुलीकडे वळता वळता, "दार काऊन नाही उघडलं वं?"


१९ डिसें.
सरांना लेखकाचं पत्र. सहावा भाग अजून हस्तलिखितात, कोणाला वाचायला दिलेला नाही. बहिणीच्या दाराचं प्रकरण तुम्हाला कोणी सांगितलं, असं विचारतो. पुढे लिहितो की कॅप्टन पुन्हा कडी वाजवतो की निघून जातो, हे त्याचं त्यालाच ठरत नाही. "तुमच्या ११२ चं मत कळवावं."
सर चष्मा पुसत बसले. मी पत्र मागून घेतलं.

२० डिसें.
मनाईची पाटी काढली. पाचव्याच्या मागे, प्रमोदच्या ओळीखाली लिहिलं. मला सभासद क्रमांक नाही, म्हणून नुसतं 'ताई'. "त्यानं एकदा पुन्हा यावं. बहीण चुकली."
पुस्तक कपाटात ठेवलं नाही. टेबलावर ठेवलं, दाराकडे तोंड करून.
८७ येऊन गेला. "एवढी थंडी काऊन आत घेऊन राहिल्या बाई?" मग टेबलावरचं पुस्तक पाहिलं आणि मफलर घट्ट करून गेला.
माय डबा घेऊन आली आहे. बाकावर बसली आहे, डबा पदराखाली झाकून.
साडेसहा झाले. लाइट गेली. दार उघडंच आहे.