सोडियमची जप्ती

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की तोही त्यांच्यासारखाच घर सोडून हलायला तयार नाही? इकडे सगळे ठणठणीत आहेत. फक्त तुझी भाची माझ्याशी बोलत नाही. काही हवं असलं तर निरोप हिच्यामार्फत येतो, आणि ही तो सांगताना निष्कारण हसते.

झालं असं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कन्येने सोडियमचा अणू केला. मधोमध मातीच्या गोळ्यांचं केंद्रक, त्यात लाल गोळे म्हणजे प्रोटॉन, पांढरे म्हणजे न्यूट्रॉन, आणि भोवती तारेच्या कड्यांवर मोहरीचे दाणे चिकटवलेले, ते इलेक्ट्रॉन. काम इतकं सुबक की माझी छाती फुगली. (आपल्या घराण्यात सरळ रेघ ओढणारंही आजवर कोणी निपजलेलं नाही.) मी ऐटीत तिच्या टेबलाशी उभा राहिलो आणि माझी नजर खालच्या पाटीवर गेली. वस्तुमानांक तेवीस! मी मोजलं. अकरा प्रोटॉन, बारा न्यूट्रॉन, अकरा इलेक्ट्रॉन. बेरीज चौतीस होते की नाही, तूच सांग.

आता ताई, तुझ्या भावाची उभी हयात दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेली. पारड्याखाली मेण चिकटवणारा बिलंदर मी त्याच्या नमस्कारावरून ओळखतो. मी तिला विचारलं, यातले अकरा गेले कुठे? तर म्हणाली, “अहो बाबा, वस्तुमानांकात फक्त केंद्रकातलेच मोजतात. इलेक्ट्रॉनचं वजन नगण्य असतं.” नगण्य! पकडलेला प्रत्येक लबाड मला हेच सांगतो. ती पाणी प्यायला गेली आणि माझा हात सवयीने खिशात गेला. (सुट्टीच्या दिवशीही मी कचेरीचा शिक्का जवळ बाळगतो. खिशाला शाई लागते म्हणून हिची रोज कटकट असते.) मी तेवीस खोडले, चौतीस केले, आणि खाली ठसठशीत ‘अप्रमाणित’ असा शिक्का मारून मोकळा झालो.

तेवढ्यात परीक्षक आले. चौतीस वाचून त्यांच्या भुवया वर गेल्या, शिक्का वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि ते पुढे सरकले. बक्षीस शेजारच्या टेबलावरच्या फसफसणाऱ्या ज्वालामुखीला मिळालं. कन्या परत आली, पाटी पाहिली, आणि अणू उचलून तडक घरी निघाली. वाटेत कड्यांवरची मोहरी गळत होती, आणि मी मागून ती वेचत चाललो होतो. लोक वळून बघत होते.

घरी आल्यावर मी तिचं पुस्तक वाचून काढलं. एका प्रोटॉनच्या वजनाला सुमारे अठराशे इलेक्ट्रॉन लागतात म्हणे. एवढा फरक तर मीही काट्यावर सोडून देतो, आमच्या नियमातच तशी सूट आहे. तेव्हा चुकलंच माझं. पण ही गोष्ट ऐकायला ती समोर थांबेल तर ना! लेकीचा आवाज नसला की घर खायला उठतं गं.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांचे गालगुच्चे.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम आता सांगतो. शाळेच्या बाईंनी तिला आणखी एक संधी दिली आहे, मात्र वडिलांना बरोबर आणू नये या अटीवर. तू तिला फोन कर आणि बाबा कासावीस झालाय असं सांग. मी सांगायला सांगितलं, हे सांगू नकोस.

ता. क. दुसरा : तिचा मोडका अणू मी गुपचूप दुरुस्त केला आहे. एक पांढरा गोळा फुटला होता आणि पांढरी माती संपली होती, म्हणून त्या जागी लाल बसवला. वजन तंतोतंत तेवढंच, काट्यावर घालून पाहिलं. बेरीजही तेवीसच्या तेवीस. बघून पोरगी खूश होईल.

ता. क. तिसरा : आत्या, हे अक्षर माझं. बाबा पाकीट माझ्या टेबलावर उघडंच ठेवून, चार वेळा मागे वळून बघत फिरायला गेलेत. फोन करू नकोस. अगं, लाल गोळे बारा झाले की तो सोडियम राहतच नाही, मॅग्नेशियम होतो, बेरीज तेवीस का असेना. हे आईकरवी निरोपाने कळवण्यासारखं नाही. मी त्यांना गाठायला खाली चालले आहे.